डाव्या पायाचा शनिवार

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असं पत्र आलं. काहीही म्हटलं तरी गाडी कुठे जाऊन थांबणार, हे संपादक मंडळाला ठाऊक असणारच. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. भूमितीची प्रमेयं आणि संस्कृतची रूपं त्यांनी घोटून घेतली, त्याबद्दल त्यांना दंडवत. पण ही दोन पानं पी.टी.च्या सरांची. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही.

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ सरांनी कधी गोष्टीसारखा सांगितला नाही. त्यांनी तो पायांना शिकवला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत साहू मेवालालच्या एकमेव गोलवर इराणला हरवून सुवर्ण. १९५६ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर. १९६२ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. ही तीन सालं पाठ नसतील तर बॉलला हात लावायचा नाही. तिन्हींच्या मागे माणूस एकच, सय्यद अब्दुल रहीम. पेशाने हैदराबादचे शाळाशिक्षक, मग हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. या संघाने १९५० ते १९५४ मुंबईचा रोव्हर्स कप सलग पाच वेळा नेला. ‘मास्तर होते बरं का ते!’ हे वाक्य सर दर खेपेला टाचा किंचित उचलून म्हणायचे.

शनिवारची डाव्या पायाची मॅच ही कल्पनाही रहीमसाहेबांचीच. हैदराबादेत ते फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवत, ड्रिबलिंगला, म्हणजे बॉल पायाशी खेळवत नेण्याला, बंदी असलेल्याही भरवत. सरांनी त्याला आपलं शालेय रूप दिलं. उजव्या घोट्याला रुमाल बांधायचा. रुमालाचा पाय बॉलला लागला की समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. रुमालाच्या पायाने झालेला गोल धरायचा नाही. डावखुऱ्यांचा रुमाल डावीकडे. सूट फक्त गोलीला. पहिली दहा मिनिटं नुसती हसण्यात जायची, कारण निम्मा संघ बॉलऐवजी हवेला लाथ मारत असायचा.

मग सर फक्कीची बादली घेऊन मैदानात यायचे. जमिनीवर एका पावलाचा आकार काढायचे, त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर बॉलचं वर्तुळ. डाव्या पायाची किक फसते ती डाव्या पायामुळे नव्हे, टेकलेल्या उजव्या पायामुळे, हे त्यांचं ठाम म्हणणं. टेकलेला पाय बॉलच्या मागे राहिला की अंग मागे झुकतं आणि बॉल बारवरून जातो. पुढे गेला की बॉल पायाखाली अडकतो, जोरच लागत नाही. लांब पडला की बॉल आडवा घासून सुटतो. म्हणून पाऊल बॉलच्या शेजारी, बोटं जिकडे बॉल धाडायचा तिकडे, किक मारणारा गुडघा बॉलच्या वर, नजर बॉलवर आणि घोटा आवळलेला. ढिल्या घोट्याची किक म्हणजे ओल्या फडक्याने डास मारणं! ही उपमा खास सरांची. त्या फक्कीच्या पावलावर पाय ठेवत तीस किका मारायच्या, शेवटच्या दहा डोळे मिटून पाऊल टाकून. चार शनिवारांत फरक दिसायचा. ज्याला दोन्ही पाय आहेत त्याला बचावपटू एका बाजूला ढकलू शकत नाही, एवढाच त्याचा हिशोब.

मेलबर्नचा धडा वेगळाच. नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिलीच. आपण ४-२ जिंकलो. मुंबईत खेळणारा आपला माणूस, म्हणून सगळे तिथेच रमायचे. सर मात्र उपांत्य सामन्याकडे ओढायचे. युगोस्लाव्हियाविरुद्ध ५२व्या मिनिटाला नेव्हिलनेच गोल करून भारताला पुढे नेलं. ५४व्या मिनिटाला बरोबरी, ५७व्याला दुसरा गोल, ६५व्याला तिसरा. तेरा मिनिटांत खेळ खलास, शेवटी ४-१. गोल केल्यावरची पाच मिनिटं सगळ्यांत धोक्याची, हे सरांनी या आकड्यांवरून बसवलं. गोल झाला की मिठ्या मारत लांब पळायचं नाही. सेंटर, म्हणजे मैदानाच्या मधून खेळ पुन्हा सुरू करणारी किक, त्यांची असते, आपण मधल्या वर्तुळाबाहेर, म्हणजे दहा यार्डांवर. दोन्ही इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या दोन बाजूंचे गडी, वर्तुळाच्या कडेला; हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीचे, समोरच्यांच्या इनसाइडना चिकटून; स्टॉपरने, म्हणजे बचावाच्या मधल्या गड्याने, जागा सोडायची नाही. बॉल मिळाला की पहिला पास मागे किंवा आडवा, पुढे नाही. आणि हे तीनशे आकडे होईपर्यंत.

ते तीनशे आकडे सर रेषेबाहेरून मोठ्याने मोजायचे. आंतरशालेय स्पर्धेतला तो प्रसंग जुन्या बॅचना आठवत असेल. त्या काळी रेषेबाहेरून सूचना द्यायला नियमाने बंदी होती; प्रशिक्षकांना मोकळीक १९९३ साली मिळाली. समोरच्या शाळेने तक्रार केली. रेफरी शिट्टी हातात धरून सरांपाशी आला, तेव्हा मोजणी एकशे सत्तेचाळीसवर होती. ‘सूचना देताय का?’ सर म्हणाले, ‘छे हो, उजळणी म्हणतोय.’ रेफरीला हसू आवरेना. तो वळला आणि सरांनी एकशे अठ्ठेचाळीसपासून पुढे चालू केलं, आवाज जरासुद्धा न उतरवता. रेफरीशी बोलण्यात गेलेले सेकंद मात्र धरले नाहीत. ती खेळाची पाच मिनिटं, गप्पांची नव्हेत.

पण सरांची खरी कळी खुलायची ती जाकार्ताला. पावसाळ्यात मैदान बंद असलं की जिन्याखालचा फळा बाहेर यायचा. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ हरला. मग थायलंडला ४-१, जपानला २-०. थायलंडच्या सामन्यात स्टॉपर जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. सर फळ्यावरचा ५ आकडा, म्हणजे स्टॉपर, पुसायचे, तोच वर नेऊन ९च्या, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या, जागी लिहायचे आणि विचारायचे, ‘का?’ उत्तर येईपर्यंत तास पुढे जात नसे. स्टॉपरला बॉल निवडता येत नाही. वरून येणारा प्रत्येक बॉल डोक्याने काढावाच लागतो. सेंटर फॉरवर्डला निवडता येतो. शिवाय असा दांडगा गडी पुढे उभा राहिला की समोरच्या स्टॉपरला त्याला सोडून हलता येत नाही आणि चुनी गोस्वामी, बलराम यांना शेजारी मोकळी जागा मिळते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२, त्यातला एक गोल जर्नेलचा. ४ सप्टेंबरची फायनल पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी. सारं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. १७व्या मिनिटाला पी.के. बॅनर्जी, २०व्याला जर्नेल. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला, पण २-१.

यानंतर सर खडू खाली ठेवायचे आणि रिकाम्या झालेल्या ५च्या जागेवर बोट ठेवायचे. मागे कोण उभं राहिलं? अरुण घोष. ‘टाळ्या नऊ नंबरला, मार्क पाच नंबरला.’ आपल्या शाळेच्या संघात कर्णधार नेहमी स्टॉपरच का असायचा, हे नव्या मुलांना कळत नसे. त्याचं कारण हे.

बॉलची निगाही सांगायला हवी, कारण आता ती कोणी करत नाही. लेस बांधायचा चामड्याचा बॉल. आतल्या ब्लॅडरला पंक्चर झालं की पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, कानस मारायची, सायकलचं सोल्युशन लावून ते सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ. घाई केली की ठिगळ पहिल्याच हेडरला सुटतं. लेस ओढून घट्ट, गाठ आत दाबलेली, नाहीतर कपाळावर वळ उठतो. नियमाने वजन ४१० ते ४५० ग्रॅम, पण ते सुक्या बॉलचं. पावसात चामडं पाणी पितं आणि दुसऱ्या हाफला बॉल उचलत नाही. म्हणून आदल्या रात्री शिवणींना चरबी चोळायची. वाळवायचा तो सावलीत. उन्हात चामडं आक्रसतं आणि शिवण उसवते.

आज मैदानाच्या उत्तरेकडच्या निम्म्या भागावर पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावर गाड्या लागतात. पूर्ण मापाचा पेनल्टी एरिया आखायला चव्वेचाळीस यार्ड रुंदी लागते, ती आता तिथे निघत नाही. मुलांना युरोपातल्या राखीव खेळाडूंची नावं पाठ आहेत, मेवालाल कोण ते माहीत नाही. रोव्हर्स कप बंद पडला. रहीमसाहेब १९६३ सालीच गेले आणि त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताच्या वाट्याला आलं ते १९७०चं ब्राँझ, बस्स. एक गोष्ट मात्र झकास झाली आहे. आपल्या मुलींचा संघ उभा राहिलाय आणि त्यांची स्टॉपर दोन्ही पायांनी बॉल काढते. तिला कोणी शिकवलं, याची चौकशी करायला हवी.

महोत्सवाच्या रविवारी माजी विद्यार्थ्यांची मॅच ठेवली आहे असं कळतं. ती डाव्या पायाचीच व्हावी. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ पुरेत. गुडघ्यांचा विचार करावा. फक्कीची बादली शाळेने द्यावी, रुमाल ज्याने त्याने घरून आणावा. साधा सुती आणा, रेशमी गाठ धावताना सुटते.