आधी झोप, मग फूल

दिवाळी आवरली की कंदांच्या ऑनलाइन खरेदीला ऊत येतो. परवा आमच्या राजेंद्र नगरातल्या शेजारच्या सूनबाई मोबाइल हातात घेऊनच आल्या. "काकू, ट्युलिप मागवू का? फोटो बघा ना, किती गोड!" मी म्हटलं, एका हंगामाची हौस म्हणून जरूर मागव, कायमचं झाड म्हणून नको. ती हिरमुसली, म्हणून तिला बसवून कारण सांगितलं. तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी बरेच जण हेच विचारतात.

ट्युलिपचं मूळ घर मध्य आशियातल्या डोंगरांत, तिएन शान आणि पामीरच्या बाजूला. तिथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडक, लांबलचक. उन्हाळ्यात कंद जमिनीखाली गाढ निजलेला वाटतो, पण त्याच वेळी आत पुढच्या वर्षीचं फूल घडत असतं, अगदी पाकळ्या-केसरांसकट. त्यानंतर त्याला थंडी लागते, साधारण १२ ते १४ आठवडे, ९ अंशांच्या आत. ती मिळाली तरच दांडा उंच होतो, नाहीतर फूल पानांच्या बेचक्यातच अडकून राहतं. इंदूरला जानेवारीत काही रात्री पारा सात-आठवर येतो खरा, पण दुपारी ऊन तापतं आणि माती पुन्हा कोमट होते. म्हणून लोक कंद फ्रिजमध्ये ठेवतात. ठेवायला हरकत नाही, फक्त त्याच कप्प्यात सफरचंदं-केळी ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी जळून जाते. एवढं करून फेब्रुवारीत फूल येतंही. पण मार्चच्या उन्हाने पानं करपतात आणि कंदाला पुढच्या वर्षाची शिदोरी बांधायला वेळच मिळत नाही. फूल येऊन गेल्यावर पानं हिरवी राहण्याचे जे आठवडे असतात, तीच कंदाची खरी कमाई असते.

हे मी शिकले राणीखेतला. हे फौजेत, आणि लग्नानंतरची काही वर्षं आमची तिथे गेली. समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटर उंची, घरामागे बांज आणि बुरांशची झाडी, आणि कुणीतरी खूप आधी लावून गेलेले डॅफोडिल. तिथले माळीबाबा फूल सुकलं की देठ खुडायचे, पण पानाला हात लावू द्यायचे नाहीत. क्यारी कितीही विस्कटलेली दिसली तरी पानं आपणहून पिवळी पडेपर्यंत थांबायचं. मे महिना संपेपर्यंत डॅफोडिल जमिनीत गडप व्हायचे.

आणि मग, पहिल्या पावसानंतर, त्याच मागच्या उतारावर दुसरी पलटण उगवायची. सापकांद्याची जात, जिला इंग्रजी बागांमध्ये कोब्रा लिली म्हणतात, आणि जांभळ्या फुलांची रोस्कोया. ही सगळी हिमालयाची स्वतःची प्रजा. सापकांदा मी तासन्‌तास बघत बसायचे. लहान असताना रोप नर असतं आणि कंदाने पुरेसं बाळसं धरलं की तेच रोप मादी होतं. नर फुलाच्या फण्यात शिरलेल्या चिलटाला बाहेर पडायला तळाशी बारीक फट असते. मादी फुलात ती फट नसते. चिलट आत येतं, अंगावरचे परागकण तिथे सोडतं आणि तिथेच संपतं. माळीबाबांनी एक वाळत आलेलं फूल उभं चिरून मला ही गंमत दाखवली होती.

तिथे माझ्या लक्षात आलं की एकाच बागेत दोन घड्याळं चालू आहेत. डॅफोडिल-ट्युलिपचं एक, हिवाळ्याच्या शेवटी जागं होणारं आणि उन्हाळ्यात निजणारं. युरोपातल्या पानगळीच्या जंगलात स्नोड्रॉप आणि ब्लूबेल याच घड्याळावर चालतात, वरच्या झाडांची पालवी दाट होण्याआधी जमिनीवर पडेल तेवढं ऊन गोळा करून घेतात. दुसरं घड्याळ रोस्कोया आणि सापकांद्याचं, हिवाळाभर निजणारं आणि मृगाच्या आसपास जागं होणारं. पहिलं घड्याळ माळव्यात चालवायला फ्रिज लागतो. दुसरं मात्र इथे बिनबोभाट चालतं, कारण राणीखेतला जाणारा पाऊस आणि आपला पाऊस एकाच मोसमाचा. आपल्याकडे हिवाळ्यातलं आणि चैत्र-वैशाखातलं कोरडेपण कंदाला झोपवतं. थंडी नाही म्हणून इंदूरमध्ये कंदांची बाग होत नाही, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. झोप लागते ती कोरड्या मातीतही लागते.

माझी क्यारी शिरीषाच्या झाडाखाली आहे. शिरीषाची सावली विरळ, पानं बारीक आणि लवकर कुजणारी. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तशा मातीत कंद पहिल्याच श्रावणात सडतो. म्हणून क्यारी वीतभर उंच केली, खाली मुरूम, वर काळी माती, जाड वाळू आणि पानांचं खत सारख्या प्रमाणात. पानांचं खत म्हणजे शेणखत नव्हे. फाल्गुनात पडलेला पाला जाळीच्या कोपऱ्यात दाबून, ओला ठेवून, पुढच्या ज्येष्ठापर्यंत विसरून जायचा. हाताला भुसभुशीत लागतं, वास रानातल्या मातीचा.

खताचा विषय इंदूरमध्ये निघावा आणि अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव येऊ नये, हे मला चालत नाही. १९२४ ते १९३१ या काळात ते इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. काडीकचरा, शेण, गोमूत्र भिनलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ते ठरावीक काळाने उलटवायचे आणि तीन महिन्यांत खत मिळवायचं, ही 'इंदूर पद्धत' त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. ती पुढे इंग्लंडच्या बागांमध्ये पोचली. आपल्या गावाच्या नावाचं खत परदेशात माहीत आहे आणि इथे लोक पाला पेटवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझ्या आवडीच्या झाडाबद्दल. भुईचाफा. एप्रिल-मेमध्ये, क्यारी भाजून निघालेली असते, एक हिरवं पान दिसत नाही, आणि एका सकाळी थेट मातीतून फूल वर येतं. देठ जवळजवळ नाहीच. पांढऱ्या अरुंद पाकळ्या आणि मधोमध दोन भागांत चिरलेली जांभळी जीभ. वास घ्यायला गुडघे टेकून, नाक जमिनीला लावावं लागतं. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण त्याच कोंबातून पाठोपाठ दुसरं येतं. पानं पावसाबरोबर, वरून चंदेरी नक्षी आणि उलटवली तर खालून वांगी रंग. हा आल्या-हळदीच्या कुळातला, म्हणजे राणीखेतच्या रोस्कोयाचा सख्खा नातेवाईक. विलायतेत बर्फातून वर येणाऱ्या स्नोड्रॉपचं जे कौतुक होतं, तेवढंच कौतुक बेचाळीस अंशांत उमलणाऱ्या या फुलाचं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. फुलांच्या दिवसांत क्यारीभोवती सुतळी बांधा, नाहीतर झाडणारा हात ते कचऱ्याबरोबर झाडून नेतो.

त्याच्या मागे सुरण आहे. सुरणाचं फूल बघितलं नसेल तर एकदा बघा, वास सहन करायची तयारी ठेवून. कडेला, जिथे ऊन येतं तिथे कळलावी. तिचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि कोंब टोकालाच येतो, ते टोक मोडलं की तिकडून काही उगवत नाही. तिच्या पानाचं टोकच तणावा होऊन आधाराला विळखा घालतं. पण सगळं झाड विषारी आहे, कंद सर्वांत जास्त, त्यात कोल्चिसिन असतं. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर लावू नका. मी हातमोजे घालूनच कंद हाताळते.

या सगळ्यांना मारतं ते हिवाळ्यातलं पाणी. नोव्हेंबरात पानं पिवळी पडली की माणसं घाबरून रोज पाइप सोडतात. तेव्हाच थांबायला हवं. गमल्यात असतील तर गमला आडवा करून वऱ्हांड्यात ठेवा. हिवाळ्यात फूल हवंच असेल तर नर्गिस लावा, पांढरी, घोसाने येणारी. तिला थंडीची अट नाही.

आणि एक विनंती. चोरल-पाताळपाणीच्या बाजूला पावसात फिरायला गेलात की सागाखाली काळ्या मुसळीचे पिवळे तारे दिसतील, कळलावी दिसेल. फोटो काढा, कंद उपटू नका. औषधाच्या नावाखाली सफेद मुसळी आपल्या जंगलांतून आधीच फार खणली गेली आहे. भुईचाफा नर्सरीत मिळतो, शिवाय एका गड्ड्याचे दोन-तीन वर्षांत चार होतात. माझे गड्डे फेब्रुवारीच्या शेवटी, कोंब हलण्याआधी वेगळे करणार आहे. ज्या ओळखीच्यांना हवेत त्यांनी वाळू घालून गमला तयार ठेवा, आणि कंद हाती आला तरी पहिल्या पावसापर्यंत माती नुसती दमट राहील इतकंच पाणी शिंपडा.