अण्णांचा दम

आमच्या इंदूरच्या घरात 'दम' हा शब्द दिवसातून दहादा येतो. चहात दम नाही, जरा दम धर, एवढ्यात दमलास? अण्णांचा दम मात्र वयाच्या ७८व्या वर्षी पहिल्यांदाच दवाखान्यात यंत्रावर मोजला.

आधी उंची. अण्णा पट्टीला पाठ लावून हळूच टाचा उचलून उभे राहिले. मी पाहिलं आणि गप्प बसलो. मग नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. ती मोजणारी मुलगी असेल विशीतली, पण आवाज सियागंजातल्या हमालाचा. "दादाजी, गहरी साँस... अब फूँको! फूँको, फूँको! और! और! छोड़ना नहीं!" दाराबाहेर बाकावर बसलेले आम्ही सगळेच फुंकायला लागलो. एका काकूंचे तर डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

अवघे ६ सेकंद, पण सोडून बघा. धडधाकट माणूस पहिल्याच सेकंदात पाऊण हिस्सा हवा बाहेर टाकतो, उरलेली म्हणजे भांड्याच्या तळाची खरवड. छातीतल्या श्वासनळ्या आवळलेल्या असल्या की तो पहिला सेकंदच हुकतो. अण्णांचा हुकला. ऐन उमेदीत ते गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती गच्च, शनिवारपर्यंत बरी. कापसाच्या धुळीची हीच खूण, हे मला परवा कळलं. आई त्याला 'सोमवारचा आळस' म्हणायची, आणि आम्ही पोरं हसायचो.

औषधाचा पंप ओढायला देऊन १५ मिनिटं थांबवलं. तेवढ्यात डॉक्टरांनी सांगितलं, की १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांवर लोकांकडून असंच फुंकून घेतलं आणि उंचीबरोबर हवाही वाढते हे दाखवलं. म्हणून यंत्र आधी वय-उंची विचारतं, आणि 'इतक्या उंच माणसाची इतकी हवा हवी' असा हिशेब मांडतं.

अण्णांचे कान टवकारले. "म्हणजे उंची जास्त लिहिली, तर माझी टक्केवारी कमी?"

"अर्थात."

अण्णा उठले, चपला काढल्या, पट्टीपाशी गेले. "बेटी, फिर से नाप लो." या वेळी टाचा जमिनीवर होत्या. तीन सेंटिमीटर गेले.