आधी बाहेर काढून बघा

‘लिहायला आणि अभ्यासाच्या नोंदी ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाव सांगण्याआधी मी उलट विचारते: आत घातलेलं त्यातून बाहेर कसं निघतं, ते पाहिलंत का?

माझ्या चार वर्षांच्या नोंदी एका देखण्या ॲपमध्ये होत्या. ते बंद होणार असं कळलं, तेव्हा घाईघाईने सगळं एक्स्पोर्ट केलं. शब्द सगळे आले. पण पुस्तकांतले उतारे मी अवतरणचिन्हांत न घालता नुसते पिवळे करून ठेवत असे, आणि तो पिवळा रंग काही बाहेर आला नाही. लेखकाचं वाक्य कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, हेच कळेना. त्यातलं बरंचसं मला सोडून द्यावं लागलं. त्याची हळहळ अजून वाटते.

तेव्हापासून नोंदी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवते, मार्कडाउनच्या खुणा वापरून, म्हणजे उतारा, मथळा वगैरे साध्या चिन्हांनी दाखवून. उताऱ्याच्या ओळीआधी > ही खूण, त्याखाली लेखक आणि पानक्रमांक. माझं म्हणणं खूण न लावता, वेगळ्या परिच्छेदात. ही फाईल कोणत्याही संगणकावर, अगदी नोटपॅडमध्येही उघडते.

लेखात द्यायचे संदर्भ जमवून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर घ्या. २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातून ते पहिल्यांदा आलं. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि जमवलेले संदर्भ बिबटेक किंवा आरआयएस या, संदर्भांची इतर सॉफ्टवेअरही वाचतात अशा फाईलमध्ये बाहेर काढता येतात. संदर्भ लिहायची शैली बदलली की लेखात झोटेरोतून घातलेल्या सगळ्या तळटीपा आपोआप नव्या रूपात येतात. मात्र ब्राउझरमधून एका क्लिकवर उचललेला तपशील तसाच ठेवू नका. पहिल्या आवृत्तीच्या जागी पुनर्मुद्रणाचं साल पडतं, आडनाव नावाच्या रकान्यात जातं. पुस्तक हाताशी असतानाच हे दुरुस्त करा. नंतर राहून जातं.

लेख कशात लिहायचा, यावर मी फार वेळ घालवत नाही. संपादक ज्यात दुरुस्त्या करून पाठवतात, त्यातच लिहावं.

नवं काही घेणार असाल, तर त्यात आधी फक्त दहा नोंदी करा. एकीत उतारा, एकीत चित्र, एकीत दुसऱ्या नोंदीचा दुवा असू द्या. मग सगळं एक्स्पोर्ट करून ते ॲप नसलेल्या संगणकावर उघडा. उतारा कुणाचा आणि कितव्या पानावरचा हे तिथेही दिसलं, तर अकरावी नोंद करा.