पहाटे ओलं होणारं छत

डोंबिवलीतली सोसायटी, जुलै महिना, आणि खालच्या-वरच्यांचं बोलणं बंद. खालच्यांच्या बेडरूमच्या छताला काळे डाग, ते म्हणतात वरून लिकेज आहे, वरचे म्हणतात आमच्या त्या खोलीत नळच नाही तर गळणार काय, आणि मधल्यामधे सेक्रेटरी. वॉटरप्रूफिंगवाला तर वरच्यांच्या टाइल्स उखडायचं कोटेशन देऊन मोकळा झालेला. मग मला बोलावलं, ओल कुठून येते ते शोधायचं हेच माझं काम.

डाग बघूनच शंका आली. गळतीचा डाग पिवळट असतो, कडेला रेघ उमटते, पोपडे सुटतात, क्षार फुटतात. इथे नुसते बुरशीचे बारीक ठिपके, आणि बीमच्या वीतभर आधी एकदम बंद. बीम स्वच्छ!

खोलीत आजींच्या पलंगावर दोऱ्या बांधून अख्ख्या घराचे ओले कपडे (पावसाळ्यात बिचारे दुसरीकडे वाळत घालणार तरी कुठे), एसी नाही. वरती मात्र रात्रभर एसी १८ वर. मी खाली एक डेटा लॉगर (तापमान आणि ह्युमिडिटी सतत नोंदवणारं छोटं यंत्र) टांगला, त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, छताला चिकटवला, दुसरा लॉगर वरच्या खोलीत. आजींना वाटलं कॅमेराच बसवलाय, त्यांची समजूत काढण्यातच अर्धा तास गेला.

आठवड्याने ग्राफ काढला. पहाटे चारच्या सुमारास खालची हवा २९ अंश, ह्युमिडिटी ८८ टक्के, म्हणजे ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो) जवळपास २६.८, आणि छत २६ च्याही खाली. मग हवेतलं बाष्प तिथे सुटणारच, फ्रिजमधल्या बाटलीवर सुटतं तसं. वरचा एसी पाच इंची स्लॅब गार करतोय आणि खालच्या कपड्यांची ओल त्याच्यावर बसतेय. बीम जाड, तो तेवढा गार होत नाही म्हणून कोरडा. मधे एक रात्र वरचे गावाला गेले होते, त्या रात्री छत ड्यू पॉइंटच्या खाली गेलंच नाही, आणि हा ग्राफ दाखवल्यावर दोघंही गप्प.

खिडक्या उघडा असं सगळेच सांगतात पण जुलैत बाहेरची हवाच ओली, त्याने काय होणार. वरच्यांना एसी २६ वर ठेवायला सांगितलं, खाली रात्री पंखा चालू आणि दोऱ्या पॅसेजमध्ये. पुढच्या आठवड्याच्या रीडिंगमध्ये छत सत्तावीसच्या वर आलं, मग बुरशी साफ करून घेतली. टाइल्स वाचल्या. वॉटरप्रूफिंगवाल्याने मात्र माझा फोन उचलणं बंद केलंय.