डिचोली ते काणकोण, बॅटरीवर

गोव्यात डिचोलीहून काणकोणला जायचा नेहमीचा रस्ता साखळी, फोंडा, मडगाव असा. आम्ही मुद्दाम मयेवरून चोडणला गेलो, फेरीबोटीने रायबंदरला उतरलो आणि पणजीमार्गे झुआरी पूल गाठला. गाडी भाड्याची होती, इलेक्ट्रिक होती, आणि तिला फेरीचा उतार, गावातले गतिरोधक, हायवे, घाट असं सगळंच दाखवायचं होतं. घरची पेट्रोल गाडी बदलायला आली आहे. नवरा म्हणतो, आता घ्यायची तर बॅटरीचीच. माझी अट एवढीच होती की आधी ती काणकोणला मामाच्या दारापर्यंत नेऊन दाखव.

बॅटरी ३० किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरवरची ३० युनिट. गाडीमालकाने किल्ली देतानाच बजावलं होतं, "जाहिरातीतला आकडा विसरा. एसी लावून दोनशेच्या आतच धरा." ऐकायला कमी वाटतं, पण पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यात आहेच जेमतेम १३९ किलोमीटर. पुण्या-मुंबईचे लोक ज्या काळजीने चार्जिंगचे नकाशे उघडून बसतात, ती इथे मडगावपर्यंतसुद्धा टिकत नाही.

फेरीवर तर मजाच झाली. बाकीच्यांनी इंजिनं बंद केली, आमच्याकडे बंद करायला आवाजच नव्हता. शेजारच्या स्कूटरवाल्याने दोनदा वाकून पाहिलं. झुआरीच्या पुलावर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. हायवेवर ऐंशीच्या पुढे काटा गेला की टक्के भराभर उतरतात, साठ-सत्तरला शहाण्यासारखे राहतात. पेट्रोल गाडी गर्दीत जास्त पिते, ही मोकळ्या रस्त्यावर. बाळ्ळीच्या पुढे करमल घाट चढताना आकडा डोळ्यांदेखत खाली आला, आणि पलीकडे उतरताना ब्रेकला पाय न लावता गाडी आपोआप मंदावत गेली, वर त्या मंदावण्यातून वीज बॅटरीत जाऊन एक-दोन टक्के परतही मिळाले. काणकोणच्या बाजारपेठेत, म्हणजे चावडीला, पोचलो तेव्हा बॅटरी अर्ध्याच्या थोडी खाली होती. इथवर नवरा जिंकत होता.

खरी परीक्षा मामाच्या पडवीत झाली. विहिरीच्या पंपासाठी बसवलेला १५ अँपिअरचा सॉकेट होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वायर लावली तर चार्जरवर लाल दिवा. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. मामी म्हणाल्या, "गाडीपेक्षा आमची म्हैस कमी नखरे करते." शेवटी शेजारचे वायरमन आले. त्यांनी सॉकेटकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट घरामागे गेले. "अर्थिंगचा खड्डा सुकलाय. पंपाला कळत नाही, ह्या चार्जरला कळतं." जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की वीज जमिनीत नीट उतरत नाही. चार्जर तेवढं तपासतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर वीज घ्यायलाच नकार देतो. खड्ड्यात मीठ घालून चार-पाच बादल्या पाणी ओतलं आणि थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. मग रात्रभर, तासाला साधारण तीन युनिट या संथ गतीने, गाडी भरत राहिली. मामाला पैसे विचारले तर रागावले. हिशेबापुरतं सांगायचं तर शंभर रुपयांच्या आसपासची वीज.

म्हणजे गाव, स्वतःचं अंगण, स्वतःचा मीटर असेल तर अडचण अर्थिंग नि पावसाळ्यातल्या वीजखंडितीची. पर्वरीला माझ्या नणंदेचा फ्लॅट आहे, तिथे गोष्ट वेगळी. स्टिल्ट पार्किंग, मीटर सगळे जिन्याखाली, आणि सोसायटीत वायर ओढायचा विषय काढला की सभा रात्रीपर्यंत चालते. तिने गाडी घेतली तर ती बाहेरच्या चार्जरवरच जगणार.

तो बाहेरचा चार्जर कसा असतो हे पाहायला येताना मडगावला थांबलो. आमच्या पुढे एक टॅक्सी लागली होती, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की जानेवारी २०२४ पासून नव्याने येणारी पर्यटक वाहनं इलेक्ट्रिकच असतील. वाटेत आम्हाला मात्र पर्यटक भाड्याने घेऊन स्वतः चालवतात त्या काळ्या पाटीच्या पेट्रोल गाड्याच जास्त दिसल्या. टॅक्सीवाले पेडण्याचे, मोपा विमानतळाची भाडी करणारे. ऐंशी टक्के होताच त्यांनी वायर काढली, पुढे चार्जिंग हळू होतं आणि मागे माणसं खोळंबतात म्हणून. नवऱ्याने गाडीची किंमत विचारली, तर म्हणाले, "किमतीचं नंतर बघा. वर्षाला किती फिरता ते सांगा आधी."

घरी येऊन तेच केलं. शंभर किलोमीटरला आमच्या जुन्या गाडीला साडेपाच लिटरच्या वर पेट्रोल लागतं, ९७ रुपयांनी साधारण ५४० रुपये. बॅटरीवर, चार्जिंगमधली गळती धरून, १६ युनिट. युनिटला सहा रुपये मोजले तरी शंभरच्या आत. बचत किलोमीटरला सव्वाचार-साडेचार रुपये. वेगवान चार्जरवर वीस रुपये युनिट पडलं तर ती दोन-सव्वादोनवर येते. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाख जास्त मोजले, तर घरच्या विजेवर ते सुटायला सत्तर हजार किलोमीटर जावे लागतात. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याला ते साधारण दोन वर्षांत जमतं. आम्ही वर्षाला सात हजारही फिरत नाही. दहा वर्षं! बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर.

गोव्यातला पेच हाच. अंतरं लहान म्हणून ही गाडी इथे चालवायला सोपी, आणि अंतरं लहान म्हणूनच तिचे पैसे सुटत नाहीत. त्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, बांदा-सावंतवाडीची माणसं टाकी भरायला इकडे येतात ती उगाच नाही. भरीला सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो पाचच टक्के आहे, पण करातली दरी अरुंद झाली.

नवरा म्हणतो, शांतपणाचे पैसे धरलेच नाहीस. खरं आहे, धरले नाहीत; ती झुआरीवरची शांतता मलाही आवडली होती. पण तीन लाखांची नव्हे. तूर्त ठरलंय ते असं: जुनी गाडी अजून चालवायची, आणि बाजारात वापरलेली इलेक्ट्रिक गाडी बॅटरीच्या तपासणी अहवालासकट मिळाली, तर त्या किमतीवर हा हिशेब पुन्हा मांडायचा. दरम्यान आमच्या घरामागचा अर्थिंगचा खड्डा तपासून घ्यायला वायरमनला सांगितलं आहे. गेल्या पावसात फ्रीज गेला होता, तेव्हापासून ते काम राहिलंच होतं.