तुम्ही विचारलंत म्हणून: हा कुणावर गेलाय?

बारशापासून हा प्रश्न ऐकतेय. लग्नात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: माझ्या माहेरच्या वळणावर.

माझ्या लेकाला हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेजिया आहे. केस, दात, घामाच्या ग्रंथी हे सगळं गर्भाच्या बाहेरच्या थरातून घडतं. ते घडवण्याच्या कामात ईडीए नावाचं जनुक लागतं, त्याच्यात तेच बिघडलंय. म्हणून केस विरळ आणि भुरे, भुवया जेमतेम, दात मोजके आणि टोकदार. कपाळ पुढे आलेलं, नाकाचं मूळ बसकं, डोळ्यांभोवती काळसर, सुरकुतलेली त्वचा. जिथे दातच येत नाहीत तिथे जबड्याचं हाडही नीट वाढत नाही. मग चेहऱ्याचा खालचा भाग आखूड राहतो आणि ओठ जाड, पुढे आलेले दिसतात. हा आजार असलेली, एकमेकांच्या नात्यातही नसलेली दोन मुलं शेजारी बसली की सख्खे भाऊ वाटतात.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. बाईकडे दोन एक्स असतात, आणि माझा दुसरा एक्स शाबूत आहे, म्हणून माझं थोडक्यात निभावलं: दोन दात आलेच नाहीत, एक निमुळता आहे. आईच्या एका भावाचा जुना फोटो आहे. कपाळ, ओठ, सगळं माझ्या लेकाचं. तो मामा तान्हेपणीच ऐन उन्हाळ्यात तापाने गेला.

डार्विनने 1875 साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहिलंय. चार पिढ्यांत दहा पुरुष, तोंडात थोडेच दात, अंगावर केस अगदी कमी, उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून हाल. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलग्यांत पुन्हा तेच. यामागचं जनुक सापडलं थेट 1996 मध्ये.

मला धास्ती असते ती मे महिन्याची. आम्ही नागपूरचे. घाम येत नाही म्हणून त्याचं अंग निवतच नाही. तान्हा असताना सारखा ताप चढायचा आणि दर वेळी अँटिबायोटिक मिळायचं. आता ओलं बनियन, पाण्याची स्प्रे बाटली आणि वर्गात पंख्याखालची जागा, एवढ्यावर तो मजेत शाळेत जातो. बुद्धीत काही कमी नाही. कवळी लावून भुईमुगाच्या शेंगा खातो. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते.

तेव्हा असा चेहरा दिसला, बाळाला कारण न सापडणारा ताप सारखा येत असला आणि दात यायला फार उशीर होत असला, तर त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगा, जनुकतज्ज्ञांना दाखव म्हणून. आणि तिच्या बहिणींनाही सांगा. माझ्या बहिणीने दिवस राहण्याआधीच तपासणी करून घेतली.