वाढपी आणि एडिटर

टर्बो सी या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरचा निळा पडदा आठवला की आमच्या सांगलीतली एक अख्खी पिढी हळवी होते. मीही त्यातलाच, पण जीव रंगावर नव्हता. चूक झाली की कर्सर थेट त्या ओळीवर जाऊन बसायचा. अडलेल्या शब्दावर कंट्रोल-एफवन दाबलं की मदतीचं पान उघडायचं. विचारल्याशिवाय मात्र चकार शब्द नाही. बोरलँड कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कलमध्ये एडिटर (कोड लिहायची जागा) आणि कंपायलर (तो तपासून मशीनच्या भाषेत नेणारा) एका घरात आणले, १९८७ मध्ये टर्बो सी आलं. नाहीतर एकीकडे लिहा, बाहेर पडा, दुसरीकडे तपासा, ओळीचा नंबर लक्षात ठेवून परत या.

भाचा व्हीएस कोड हा आजचा एडिटर वापरतो. "मामा, बघा की," म्हणत दोन अक्षरं टाइप करतो, आणि एडिटरने स्वतःच सुचवलेल्या पुढच्या आठ-दहा ओळी करड्या अक्षरांत हजर! मला पंगत आठवते. चांगला वाढपी पानाकडे बघत फिरतो, आमटी संपायच्या आत येतो. दुसरा पानावर हात आडवा धरला तरी जिलबी टाकून जातो. मी अजून फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव ठरवतोय, आणि हा जिलबी घेऊन उभा.

खरी परीक्षा नाव बदलताना होते. एका व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या डब्याचं) नाव बदललं, तर दुसऱ्या फंक्शनमधल्या त्याच नावाच्या, पण वेगळ्या व्हेरिएबलला धक्का लागता कामा नये. त्यासाठी नुसती अक्षरं दिसून भागत नाही, कोड कळावा लागतो. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. २०१६ साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेचा जाणकार प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, जाहीर झाला, आणि एकदा लिहिलेला भाषेचा जाणकार कुणालाही जोडता येऊ लागला. १९९१ पासूनचा विम हा एडिटरसुद्धा त्याच्या जोरावर शहाणा होतो.

डीबगरबद्दल, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत थांबवत चूक शोधायच्या साधनाबद्दल, मी हट्टी आहे. ओळीओळीने पुढे सरकत व्हेरिएबलच्या पोटात काय आहे ते बघता येत असताना भाचा जागोजागी किंमत पडद्यावर दाखवणारे प्रिंट टाकत बसतो. असो.

वळीव आला की आमच्याकडे लाइट जाते. व्हीएस कोड सेव्ह न केलेली फाइलही पुन्हा उघडल्यावर पुढ्यात ठेवतो. या एका गुणासाठी त्याला बरंच माफ.

करड्या ओळी बंद कर म्हटलं तर भाचा ऐकेना. शेवटी तडजोड झाली: आपोआप यायच्या नाहीत, कळ दाबल्यावरच यायच्या. सध्या तो दर ओळीला कळ दाबतो.